कार्ड विकायची योग्य वेळ

उजेडबाईंच्या नाकावर राग असतो, हे त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तरीही लोक त्यांच्याकडेच येतात. काम असं, की जे घर अजून बांधलेलंच नाही त्याचं चित्र काढून द्यायचं, इतकं खरं की बघणाऱ्याला दार ढकलून आत जावंसं वाटावं. बिल्डर नकाशा देतो, बाई कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करतात, फरशा घालतात आणि मग खोल्यांत उजेड सोडतात. सगळी भांडणं या उजेडावरून. एका बिल्डरने उत्तरेच्या खिडकीतून सोनेरी ऊन आत यायला हवं असा हट्ट धरला, तर बाईंनी सांगितलं की आधी तुम्ही सूर्याला पटवा, मग मी काढते. त्यानेच वैतागून ‘उजेडबाई’ हे नाव पाडलं. बाईंनी ते बिलावर छापून घेतलं.

मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली त्यांचं टेबल आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा. डब्यात ते ग्राफिक्स कार्ड. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं आणि इतकं जड, की वाकू नये म्हणून बाईंनी त्याला शिवणकामाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ टेकू म्हणून लावलं होतं. ऊन कुठून येतं, कुठे आपटतं, कुठे सावली पडते हा सगळा हिशेब ती वीट करायची. ती असली की चहा उकळेपर्यंत एक चित्र तयार. नसली तर त्याच चित्राला अख्खा दिवस.

आता दीर. बाईंचा धाकटा दीर विमा कंपनीत नोकरीला. त्याने जन्मात असं कार्ड वापरलेलं नाही, एक साधा खेळही कधी खेळलेला नाही, पण जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव त्याला तोंडपाठ. फोन कधी बदलावा, गाडी कधी काढून टाकावी, हे त्याला विचारावं लागत नाही. एका रविवारी जेवताना त्याने कार्डाचा विषय काढला. नव्या पिढीची कार्डं येताहेत, म्हणाला, ती जाहीर झाली की वहिनींच्या कार्डाला कुत्रं विचारणार नाही. आज विकलं तर घेतल्या किमतीच्या जवळपास पैसे येतील, आणि नवीन आलं की थोडी भर घालून दुप्पट वेगाचं घेता येईल. मधले थोडे दिवस तेवढे काढायचे.

बाईंना ते ‘मधले थोडे दिवस’ खटकलं होतं. त्या तसं म्हणाल्याही. पण नवऱ्याने वाढून घेता घेता सांगून टाकलं की त्याचं बरोबर वाटतंय, आणि त्या आठवड्यात हातात मोठं काम नव्हतं. बाई हो म्हणाल्या. एरवी बिल्डरांना फाडून खाणारी ही बाई घरच्या टेबलावर एका वाक्यात गप्प बसली, याचं आश्चर्य वाटायला नको. घरी तिला गप्प बसायची सवयच झालेली होती.

बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या तेव्हा गिऱ्हाईक आलं आणि दिराने कार्ड रिळासकट देऊन टाकलं. भाव फक्कड मिळाला. हे त्याने फोन करून कोणाकोणाला सांगितलं, ते विचारू नका.

नवीन कार्ड आलं, आणि आलं म्हणेपर्यंत संपलंही. दुकानदार नाव लिहून घ्यायचे आणि हसायचे. ज्यांच्या हाती लागलं होतं ते दुप्पट भावाने विकत होते. त्यामुळे जुन्या कार्डांचे भावही चढले, म्हणजे बाईंचं कार्ड त्यांच्याकडे असतं तर आता आणखी महाग गेलं असतं. दीर म्हणाला, आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, थांबा. बाई थांबल्या. छोटी कामं बिनकार्डाच्या कॉम्प्युटरवर रखडत केली आणि मोठी नाकारली.

मग ज्याची कामं बाई नेहमी करायच्या, त्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टचा फोन आला. बाईंच्या लेखी या धंद्यात मान द्यावा असा हा एकच माणूस. त्याने एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं होतं, आणि त्याला चित्र नको होतं, पूर्ण इमारतीतून फिरणारी फिल्म हवी होती. वर्षानुवर्षं लोकांच्या ओट्यांना आणि खोट्या गॅलऱ्यांना चकाकी आणून देताना बाई ज्या कामाची वाट बघत होत्या, ते हे काम. इंटरनेटवरून भाड्याच्या यंत्रावर करावं तर नकाशे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत अशी स्पर्धेची अट, आणि दुप्पट भावाने कार्ड घ्यायचं नाही असं घरात ठरलेलं. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. म्हातारा नुसता ‘बरं’ म्हणाला. तो चिडला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

दोन-तीन आठवडे ते ‘बरं’ कानातून जाईना, तेव्हा त्यांनी दिराकडून त्या गिऱ्हाइकाचा पत्ता घेतला. विकलेली वस्तू परत कोण देतं, म्हणून तो हसला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या तशाच बाहेर पडल्या.

गिऱ्हाईक निघाला फोटोग्राफर, बाईंपेक्षा वयाने बराच मोठा. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला तसा त्याचा स्टुडिओ बंद पडला होता. भिंतीवर अजून रंगवलेल्या धबधब्याचा पडदा लटकत होता, आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटर, झाकण उघडलेला डबा, आत विटेखाली बाईंचं रीळ. बाईंनी त्याने मोजलेल्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे द्यायची तयारी दाखवली. फोटोग्राफर ओशाळून म्हणाला, एरवी देऊनही टाकलं असतं, पण या वयात नवा धंदा शिकलो आणि पहिलंच मोठं काम आलंय. ज्यांचं काम, त्यांच्या नेहमीच्या बाईंना जमत नव्हतं म्हणे.

पडद्यावर वाचनालयाचा जिना होता.

बाईंनी जिना वरून खालपर्यंत बघितला. मग म्हणाल्या की सावल्या चुकल्यात, कठड्याची एकीकडे पडतेय आणि खांबाची दुसरीकडे. त्याने खुलासा केला, दोन्ही बाजूंनी दिवा दिला की उठाव येतो. “तुमच्या स्टुडिओत दोन दिवे असतील,” बाई म्हणाल्या, “वर आकाशात एकच असतो. उठा.” तो उठला. बाईंनी त्याच्या खुर्चीत बसून दुसरा दिवा काढून टाकला, ऊन पायरीपायरीने खाली उतरवलं, आणि पंखे फिरायला लागले तेव्हा तो आवाज ऐकून त्यांना रडूच आलं. इतका राग की तो डोळ्यांतून आला.

त्याने घाबरून नाव विचारलं.

“मीच ती नेहमीची बाई.”

फोटोग्राफर पेचकस शोधायला लागला. कार्ड आत्ताच्या आत्ता काढून देतो म्हणाला, आणि खरंच देणार होता. बाईंनी त्याला थांबवलं. काम त्याने शब्द देऊन घेतलेलं होतं आणि अर्धं झालेलं होतं. माणूस लबाड असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरी आल्या तर दीर बसलेला, नवऱ्याला फोन दाखवत. भाव घसरायला लागलेत, म्हणाला, अजून पंधरा दिवस दम धरा वहिनी, मग बघा. आणि मग सवयीने तो जुना सौदा पुन्हा सांगायला लागला, कार्ड कसं ऐन शिखरावर काढलं ते.

“भावोजी, ते कार्ड गेलं त्याच माणसाकडे माझं काम गेलं,” बाई म्हणाल्या. “दोन्ही गेली. तुम्ही भाव एकाचाच केलात.”

नवरा काहीतरी म्हणायला गेला, तर बाईंनी हाताने थांबवलं. मग दीर, तोही दुखावला होता, हळूच म्हणाला, “पण तुम्हीच हो म्हणालात ना.”

“हो,” बाई म्हणाल्या. “माझा राग तुमच्यावर नाहीच. तुम्ही भाव सांगितलात, तुम्हाला तेवढंच येतं. मला माझं काम येत होतं आणि मी हो म्हणाले.”

मग त्यांनी पर्स उचलली आणि दुकान बंद व्हायच्या आत आजच्याच भावाने कार्ड आणायला निघाल्या. दीर दारापर्यंत मागे आला. आज घेतलंत तर सरळसरळ नुकसान आहे, म्हणाला, आणि ते खरंच होतं.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या, आणि चपला घातल्या.