बारकीच्या कॅसेटी

बारकीला सगळे बारकीच म्हणत. घरात ती धाकटी म्हणून, आणि लॅबमध्ये तिच्या बारीक कामामुळे. ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे साचे टेबलावर रांगेत मांडलेले असत आणि ती गुलाबी मेणात एकेक दात बसवत जाई. सगळे दात फार सरळ बसले की कवळी खोटी दिसते, म्हणून पुढचा एखादा दात ती मुद्दाम किंचित तिरका ठेवी. "माणूस हसला तर शेजाऱ्याला संशय यायला नको," असं तिचं म्हणणं.

तिचा नाद मात्र वेगळाच होता. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचा. टीव्हीला डबा जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट खुपसायची, चित्र आलं नाही तर बाहेर काढून फुंकर मारायची, अशा काळातल्या कॅसेटी. लहानपणी ती आणि दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, टीव्हीसमोर पोटावर पडून तासन्‌तास खेळत. पुढे दादाला नोकरी लागली, लग्न झालं, आणि त्याने त्या डब्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. बारकीचं लग्न जमता जमता राहिलं, ती त्याच घरात राहिली आणि खेळतही राहिली. लोक घर आवरताना कॅसेटी फेकून देत, भंगारवाला त्या वजनावर घेई, आणि बारकी त्याच्या पोत्यात हात घालून हव्या त्या उचलून आणी. आणल्या की स्क्रू काढून आतल्या तांब्याच्या पट्ट्या पुसायच्या, लेबल सुटलं असेल तर चिकटवायचं. वहिनी म्हणायची, "लोकांच्या घरातलं भंगार बाहेर जातं, आमच्याकडे उलटी गंगा."

तिच्याबरोबर खेळायची ती आई. गुडघ्यांमुळे आईचं बाहेर जाणं बंद झालं होतं. रविवारी दुपारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसे आणि गच्चीवरच्या हंड्या पळवणाऱ्या माकडाचा गेम लावायला सांगे. आपल्याला माळी व्हायचं, माकडाला पकडायचं. माकड निसटलं की आई अशा शिव्या देई, की वहिनी स्वयंपाकघरातून ओरडे, "आई, खिडकी उघडी आहे!"

मग एके दिवशी दादा ऑफिसातून आला आणि चपला न काढताच कॅसेटींच्या कपाटासमोर उभा राहिला. कुणीतरी त्याला फोनवर दाखवलं होतं, की तसल्याच एका कॅसेटीला कुणी किती पैसे मोजले. त्याने खूप वेळ एकेक कॅसेट उचलून पाहिली, मग बारकीकडे वळून म्हणाला, "बारके, तुला माहीत होतं हे?"

"भाव वाढलेत, एवढं ऐकलं होतं. भंगारवालासुद्धा आता आधी फोन बघतो आणि मग देतो."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मला कुठे विकायच्या होत्या?"

त्या आठवड्यात कपाटाला काचेची दारं लागली आणि दारांना कुलूप. चांगल्या कॅसेटी पारदर्शक डब्यांत गेल्या. लेबलांचा रंग उन्हाने उडतो असं दादाने कुठेतरी वाचलं, म्हणून खिडकी बंद झाली आणि तिच्यावर जाड पडदा आला. आईची खुर्ची आत सरकली. शेजारीपाजारी येऊन बसणं कमी झालं, कारण दादाने वहिनीला बजावून ठेवलं होतं, "कुणाला त्या खोलीत नेऊ नकोस. भिंतीलाही कान असतात." सगळ्यांनी मिळून दोन दिवस कुठे जायचं म्हटलं तर घर कोण राखणार हा प्रश्न. वहिनी एकदा कंटाळून म्हणाली, "पैसा घरात आला आणि उजेड बाहेर गेला. बरं, पैसा तरी कुठे आलाय!"

पहिल्या रविवारी आईने नेहमीसारखं सांगितलं, "बारके, माकड लाव गं."

दादा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, ती आता खेळायची वस्तू नाही राहिली. हाताचा घाम लागतो."

आईने आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि ते पदराला पुसले. बारकीला ते फार लागलं. पण दादा वाईट बोलला होता का? नाही. त्याचा आवाजही चढला नव्हता. भांडायला जागाच नव्हती.

बारकीची लॅबमधली एक जुनी मैत्रीण दुसऱ्या गावी गेली होती. तिने तिथे स्वतःची लॅब काढली आणि बारकीला फोन केला. "ये इकडे. वर एक खोली आहे, तुला देते. काम भरपूर आहे, आणि माझ्याकडे तुझ्यासारखे दात बसवणारं कुणी नाही." स्वतःची खोली! बारकीला त्या दिवशी मेण धड कापता येईना. जेवताना तिने विषय काढला. अर्ध्या कॅसेटी विकू, त्या पैशांत माझं तिकडे बस्तान बसेल, उरलेल्या तुझ्याकडे ठेव, असं म्हणाली.

"वेडी आहेस का? मागच्या वर्षी विकल्या असत्यास तर आज कपाळ बडवून घेतलं असतंस. अजून चढणार आहेत."

"दादा, त्या माझ्या आहेत ना?"

"तुझ्याच आहेत. म्हणून तर विकू देत नाही. उद्या तुला कोण आहे? हेच तुझं म्हातारपण."

तो हे मनापासून म्हणत होता, हीच खरी पंचाईत होती. बारकीने ताटातला हात काढला. "मग सगळ्या तुम्हीच ठेवा. मला एकही नको. मी जाते."

वहिनी चटकन म्हणाली, "जाऊ दे ना तिला. कामाची बाई आहे, करेल काहीतरी."

"मी कुठे अडवतोय?" दादा म्हणाला. "पण या कॅसेटींकडे बघणार कोण? आतल्या चपट्या सेलला पाझर फुटला की पट्ट्या गंजतात, हिनेच सांगितलंय. गिऱ्हाईक आधी चालवून दाखवा म्हणतं. मला स्क्रूसुद्धा काढता येत नाही. यंदाचं वर्ष थांब, एवढंच म्हणतो."

त्या रात्री मायलेकी झोपायच्या खोलीत होत्या तेव्हा आई हळूच म्हणाली, "तू जा हं. माझं काय, मी बसेन त्या काचांसमोर." तिने जा म्हटलं आणि बारकीचं जाणं तिथेच संपलं. तिने मैत्रिणीला यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. मैत्रीण थोडी थांबली, मग तिने दुसरी मुलगी ठेवली. ती खोलीही त्या मुलीला गेली.

भाव मध्येच उतरलेही. दादाची झोप उडाली. जेवताना फोन, चहा पिताना फोन. आता तरी विकून टाक, असं वहिनीने सुचवलं तर अंगावर आला, "पडत्या भावात? शुद्धीवर आहेस ना?" बारकीने तेव्हा ओळखलं, की भाव चढला तरी थांबायचं आणि पडला तरी थांबायचं. कपाट कधीच रिकामं होणार नव्हतं. दादाही त्यात तिच्याइतकाच अडकला होता. फक्त किल्ली त्याच्या खिशात होती, म्हणून त्याला ते कळत नव्हतं.

पुढे एकदा भंगारवाल्याने तिला रस्त्यात हाक मारली. त्याच्याकडे एक कॅसेट होती, कोपरा फुटलेली. माकडाचाच गेम. "हिला कोण विचारतंय, घेऊन जा," म्हणाला. बारकी ती घरी नेण्याऐवजी लॅबमध्ये घेऊन गेली. टीव्हीला जोडायचा, झाकण तुटलेला एक डबा दादाने टाकून द्यायला काढला होता, तोही तिने पिशवीतून नेला. सामानाच्या खोलीत लॅबच्या साहेबांचा जुना टीव्ही पडून होता. कवळ्यांना पॉलिश करणारी बाई तिच्या शेजारी बसे, तिला बारकीने जेवणाच्या सुट्टीत खेळायला शिकवलं. पॉलिशवालीला असा नाद लागला, की तिचा जेवणाचा डबा अर्धा तसाच परत जाऊ लागला.

एके दुपारी पॉलिशवाली उत्साहाने म्हणाली, "बारके, माझ्या दिराने फोनवर पाहिलं. फुटकी असली तरी हिलापण बरेच मिळतात म्हणे! लेबल शाबूत पाहिजे फक्त."

बारकीने कॅसेट खाचेतून उपसली, टेबलाशी गेली, कवळी घासायचं यंत्र सुरू केलं आणि कॅसेटीचं लेबल त्याखाली धरलं. माकड, हंड्या, माळी, सगळ्याचा बघता बघता भुगा झाला. पॉलिशवाली किंचाळली, "अगं, काय करतेस! पैसे होते ते!"

"आता नाहीत," बारकी म्हणाली. तिने फुंकर मारून भुगा उडवला आणि कॅसेट पुन्हा खाचेत बसवली. माकड आलं, नेहमीसारखं दात विचकत.

शनिवारी तिने दादाला सांगितलं, "आईची कवळी सैल झालीय. लॅबमध्ये नेऊन बसवून आणते." रिक्षाने नेलं, हाताला धरून पायऱ्या चढवल्या. सामानाच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये, आईला स्टुलावर बसवलं. आईने आधी हात पदराला पुसले. बारकीने तिचे हात धरून खेळायच्या बटणांवर ठेवले. थोड्या वेळाने बाहेर बसलेल्या साहेबांनी आत डोकावून विचारलं, "कोण एवढ्या शिव्या देतंय?"

मग महिन्यातून एकदा तरी ती कवळी सैल होऊ लागली. दादा म्हणाला, "घरची कारागीर असून ही गत? गिऱ्हाइकांचं काय होत असेल?" आई तोंड मिटून हसली.

पण संध्याकाळी त्या परत त्याच घरी येत. पडदा ओढलेला, खोलीत दिवसाही दिवा. आई खुर्चीत बसे, आणि दादा खिशातून किल्ली काढून कपाट उघडी. "बारके, ये गं जरा. वरच्या ओळीतल्या तपासायच्यात."

बारकी हात धुऊन कोरडे करी, खाली बसे आणि एकेक कॅसेट लावून पाही. पहिलं चित्र टीव्हीवर आलं, की पुढे खेळायचं नाही, लगेच काढायचं.

"चालते," ती म्हणे, आणि त्याच्या हातात परत देई.