दाजींची प्लायची टाकी

फोन मीच केला होता. शिरूरच्या प्लायवूडच्या दुकानात मरीन प्लायच्या थप्पीपुढं उभा होतो. दौंडहून दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, तिथं धाडलं होतं. त्यांचा फोन ताईनं उचलला. "अठरा एमएमचा संपलाय. बाराचा चालेल का, विचार दाजींना," मी म्हणालो. "थांब हं, विचारते," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता माणसांचा गलका... शेवटी शेजारच्या मावशींनी फोन घेतला. दाजी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. ताईला ते ठाऊक होतं. तरी ती विचारायला गेली होती.

महिना उलटला, पण तिचं ते "विचारते" अजून माझ्या कानातून जात नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दाजींनी एक मासा पाळला. तो काचेच्या टाकीत मावेना, तसा त्यांनी घरीच मोठी टाकी करायचा घाट घातला. समोर काच, बाकी सगळी प्लायची, आतून जाड लेप. "दाजी, लाकडाच्या पेटीत पाणी?" मी हसलो. "होडी कशाची असती? तिच्यात पाणी आत येत न्हाई, हितं भाईर जाणार न्हाई. येवढाच फरक."

दुकानदार तर सगळ्याच प्लायला वॉटरप्रूफ म्हणतात. म्हणून दाजी प्रत्येक दुकानातून तुकडा मागून आणत आणि ताईच्या कुकरमध्ये उकळत. थर सुटले की तो प्लाय बाद. एका रविवारी मी दारातच शिट्टी ऐकली आणि मटण समजून हात धुऊन ताटावर बसलो. ताईनं झाकण काढलं. "बोल, कुठल्या दुकानाचा वाढू?" दाजींनी चिमट्यानं एक तुकडा उचलला. "ह्यो चावून बघा, पाव्हणं. काय केल्या सुटत न्हाई."

पुढं पुढं दौंडचे दुकानदार त्यांना पाहून नुसतं शटर ओढायचे बाकी राहिले, तेव्हा शिरूरची कामगिरी माझ्याकडं आली. मला प्लायमधलं काय कळतं? आमच्या घरचं कपाट मी निवडलेलं आहे, त्याचं दार पावसाळ्यात लागत नाही.

तेराव्याला कुणीतरी म्हणालं, मासा भीमेत सोडून द्या. ताई तोवर रडलीसुद्धा नव्हती. "त्यांनी मापं घेऊन ठेवल्यात," ती म्हणाली. "टाकी होऊ दे."

मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. अठराचा माल आला होता. काठ चाचपले, ठोकून पाहिलं, वाससुद्धा घेतला. कसला वास यायला हवा, हे विचारायला कुणी नव्हतं. ताईकडं कुकर मागायचा धीर झाला नाही. अंदाजानं एक शीट उचललं, दौंडच्या सुतारानं टाकी केली, लेप वाळला, पाणी भरलं... आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. टाकी गळली असती, तर चूक माझी असती आणि खोटे पडले असते दाजी.

सकाळी ताईनं टाकीच्या बुडाखालून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तळवा उलटा करून पाहिला. कोरडा. "बरोबर म्हणत होते," ती म्हणाली, आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली.

मासा आता टाकीत आहे. ताई रोज उठली की आधी टाकीखाली हात घालते. मग चहा ठेवते.