थेट दिल्लीला

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. कारण माझ्याइतका शहाणा अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही!

माझी धाकटी बहीण यास्मिन वेटलिफ्टिंग करते. राज्याच्या निवड चाचणीची यादी लागली, त्यात तिचं नावच नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. माझं डोकं फिरलं.

दोषी कोण, ते मी ठरवूनच टाकलं. बिराजदार सर! जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी, माझ्या जन्माआधीपासून. नवी पेठेत कापडदुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. कॉलेज सोडल्यापासून त्यांचं टायपिंग मी करतो, कारण म्हाताऱ्याला माउस धरता येत नाही. असल्या लोकांनीच खेळाची वाट लावली, हो की नाही?

मग काय! जिल्हा, राज्य असल्या पायऱ्या कोण चढत बसतो? थेट दिल्लीला, राष्ट्रीय महासंघाला मेल ठोकला. जिल्ह्याच्या ऑफिसात एक निकम्मा बसलाय, त्याला हाकला. खाली नाव, 'एक जागरूक नागरिक'.

आठवड्यानं सरांनी हाक मारली. "आसिफ, राज्याकडनं काय तरी आलंय बग. वाच की."

स्क्रीन बघितली, तर काय! माझाच मेल. दिल्लीनं वर लिहिलेलं, विषय राज्याचा. राज्यानं लिहिलेलं, विषय जिल्ह्याचा, चौकशी करून कळवा. सगळ्या पायऱ्या उतरून तक्रार माझ्याच पुढ्यात! आणि जागरूक नागरिकाचा मेल आयडी खाली माझ्या नावासकट शाबूत.

"निकम्मा... हाकला..." मी पुटपुटलो.

"मोठ्यानं वाच की. लिवणारा काय दबकत लिवला न्हाय." सर खिडकीबाहेर बघत होते. "बरं, चाचणीला आपण पोरींची नावं राज्याकडं कवा पाठवली ते काड."

काढलं. पाच पोरींची यादी होती. सरांची सही होती. फाईल जोडलेली होती. आणि मेल महिनाभर ड्राफ्टमध्ये झोपलेला होता! पाठवायचं बटण दाबायचं कोणाचं राहिलं, सांगायला हवं का? राज्याच्या यादीत सोलापूरची एकही पोरगी नव्हती. मी बघितलं होतं फक्त यास्मिनचं नाव.

"सर, ते..."

सरांनी हात वर केला, फोन लावला. "सायेब, चूक माजी हाय. पोरींना गाळू नका, पाया पडतो तुमच्या."

यास्मिनसकट पाचही पोरी यादीत आल्या. माझं नाव त्यांनी काढलं नाही.

"आता चौकशीचं उत्तर लिव," सर म्हणाले. "तक्रार खरी हाय. ऑफिसात एक निकम्मा बसलाय. तक्रारदाराची फकस्त खुर्ची चुकली."

जसंच्या तसं टाईप केलं. आणि आजवर कधी स्क्रीनकडे न फिरकलेला म्हातारा माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. मी बटण दाबेपर्यंत हलला नाही!