आधी हात, मग फोटो

गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारे मस्कतमध्ये पुष्कळ सापडतील, पण फोटो काढायचं इतक्या निष्ठेनं टाळणारे फोटोग्राफर जगात एकच असावेत, आणि ते जपानी गृहस्थ आमच्या अल अमेरातच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, हे मी छाती फुगवून सांगतो. कष्टकरी माणसांचे फोटो काढणं हा त्यांचा जन्माचा उद्योग. मात्र ज्या कामाला आपला हात लागला नाही त्याचा फोटो घ्यायचा नाही, हा त्यांचा सोवळा नियम. गणपतीत ते माझ्या बायकोचे मोदक टिपायला आले आणि कॅमेरा फ्रिजवर ठेवून स्वतःच पारी करायला बसले. पहिले मोदक वाफेवर फुटले. "भावजी, उकड गार होतेय, फोटो काढा नि मोकळे व्हा!" बायको करवादली. "वहिनी, अभी हाथ को नहीं आया," असं दुकानदारांकडून उचललेल्या हिंदीत म्हणून त्यांनी दुसरा गोळा घेतला. शेवटी कळ्या अशा साधल्या की पाहुणे ताटातून त्यांचेच मोदक वेचून खायला लागले. मग एकच फोटो निघाला, बायकोच्या पिठाळ अंगठ्याचा. तो आमच्या हॉलमध्ये आहे. "यात वहिनींचा चेहरा कुठाय?" असं कुणी विचारलं की मला त्याची कीव येते.

सूर या किनाऱ्यावरच्या गावी एक म्हातारा ओमानी मिस्त्री आपलं शेवटचं लाकडी गलबत बांधत होता. मुलं नोकऱ्यांना लागलेली, मागे धंदा चालवणारं कुणी नाही. आमचे जपानी कित्येक महिने तिथे जात होते. मिस्त्री त्यांचे वाकडे खिळे उपटून परत हातात द्यायचा, आणि हे घरी येऊन काळानिळा अंगठा मेडल मिळाल्यासारखा दाखवायचे. सगळी धडपड एका फोटोसाठी होती: गलबत पाण्यात उतरतानाचा. तो परत मिळणार नव्हता.

त्या दिवशी गाडी मीच चालवली. भरती आली, गावकरी दोरांना भिडले, गलबत ढिम्म हलेना. कॅमेरा डोळ्याला लावलेले आमचे गृहस्थ एकदम थबकले. दोर त्यांनी कधी ओढलाच नव्हता!

"अहो, आज तरी नियम बाजूला ठेवा!" मी ओरडलो.

"बस एक मिनट," म्हणत त्यांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला आणि दोर धरला. "यल्ला!" अशी आरोळी उठली आणि सकाळपासून अडून बसलेलं गलबत सरळ समुद्रात गेलं. मला त्या कॅमेऱ्याचं बटणसुद्धा ठाऊक नाही. मी आपला "मोरया!" ओरडत होतो. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून हसत होते, रडतही होते.

परवा मस्कतमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. आता ते जपानला परत जाणार, म्हणून बायको आठवडाभर हिरमुसलेली होती. मिस्त्री मुलांना घेऊन सूरहून आला, सगळी भिंत पाहून झाल्यावर मोडक्या हिंदीत म्हणाला, "पाण्यातलं गलबत कुठाय?" आमच्या गृहस्थांनी मान खाली घालून माफी मागितली. म्हाताऱ्यानं त्यांचा दोरानं सोलल्याचे वण असलेला तळवा उलटा करून मुलांपुढे धरला आणि अरबीत काहीतरी बोलला.

"क्या बोला?" त्यांनी मला विचारलं; मला कामापुरती अरबी कळते.

"बोलतात, फोटो काढणारे खूप येतात. दोराला एक माणूस कमी होता, तो हा," मी कसंबसं हिंदीत सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातला आपला हात काही सोडवून घेतला नाही.