प्लॅस्टिकमधली चिठ्ठी

माझ्या काकांना लॅमिनेशनचं भारी वेड. कारकुनीतून निवृत्त झालेला माणूस. कागद चुरगळलेला दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पाणी बंद राहणार असल्याचं कात्रण, सगळं प्लॅस्टिकमध्ये. काकू गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना थोड्याच दिवसांपुरत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. काका ती चिठ्ठीसुद्धा लॅमिनेट करून आले!

आता गंमत बघा. अशा गोळ्या देताना दुकानदार चिठ्ठीवर शिक्का मारतो, तारीख घालतो. म्हणजे तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या घेता येत नाहीत. वारज्यातल्या आमच्या औषधवाल्याने ती चकचकीत वस्तू उजेडात धरली.

"आजोबा, शिक्का कुठे मारू? कपाळावर?"

"मारा की त्याच्यावरच. स्वच्छ आहे."

त्याने मारला. काकांनी तिथल्या तिथे रुमालाने पुसला.

"नवी आणा," औषधवाल्याने चिठ्ठी परत सरकवली. "आणि कागदावर आणा."

हा किस्सा मी पुढे प्रत्येक बारशात, प्रत्येक पंगतीत साभिनय सांगितला, रुमालासकट. लोक ठसका लागेपर्यंत हसत.

काका मात्र दुपारी बसने फिरायला लागले. कधी कात्रज, कधी येरवडा. "पाय मोकळे करतो रे." आम्हाला वाटलं, माणूस सावरतोय. मग त्यांची जीभ जड झाली. मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागले. चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला. त्याचाही मी किस्सा केला.

एका सकाळी त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर निघालो, तर जिन्यातच गॅसचा वास. दार नुसतं लोटलेलं. काका ओट्यापुढे खुर्ची टाकून बसलेले. शेगडीचं बटण पूर्ण उघडं, जाळ नाही, वर चहाचं पातेलं. हातात काडेपेटी.

"ये, बस. उकळी येतेच आहे."

मी काडेपेटी हिसकावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"काय रे, चहा नको का तुला?"

कपाटात गोळ्यांच्या पाकिटांची चवड निघाली. दुकानं वेगवेगळी, चिठ्ठी एकच. शिक्का बसायचा, काका पुसायचे, पुढच्या बसमध्ये चढायचे.

डॉक्टरांनी आधी कात्री मागवली. चिठ्ठी कापली जात असताना काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"एकदम बंद केल्या तर उलटतील," डॉक्टर मला म्हणाले. "हळूहळू कमी करू. गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा."

नवी चिठ्ठी, कमी गोळ्या. आमच्या औषधवाल्याने कागदावर शिक्का असा हाणला, की काउंटर हादरला.

परतताना काका स्कूटरवर मागे बसले. "दे, मी धरतो," म्हणून त्यांनी चिठ्ठी घेतली. वाटेत झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आलं.

"जरा थांबव. नुसता भाव विचारतो."

मी वेग वाढवला. आरशात पाहिलं, तर काकांनी रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं होतं आणि ते शिक्का हळूहळू घासत होते.