पाणी निवेपर्यंत

एटापल्लीच्या दवाखान्यात मी अनेकदा जाई. तिथला कंपाउंडर प्रत्येक रोग्याला त्याच थकलेल्या आवाजात सांगे, "पानी उकळून पेत जा."

एकदा क्षयाने खंगलेला माणूस आला. पोटात जंत झाले होते, जुलाबही लागले होते. आणखी जुलाब त्याला सोसणार नव्हते. कंपाउंडरने स्वतः पाणी उकळून दिले. ते लवकर निवावे म्हणून रोग्याच्या बायकोने त्यात नाल्याचे पाणी ओतले.

"काऊन ओतलं, बाई?" कंपाउंडरने विचारले.

"त्याले तहान लागून राह्यली, भाऊ. गरम कसा पेईन?"

तो रागावला नाही. भांडे रिकामे करून त्याने पुन्हा चूल पेटवली. उकळलेले पाणी उतरवून पळसाच्या पानाने वारा घालत बसला. दारात रांग वाढली, तेव्हा मान न वळवता म्हणाला, "थांबा जरा. पानी निवून राह्यलं."