चिंचेखाली

बाळंतपणात गेलेल्या माझ्या लेकीच्या पेटीवर मी मूठभर माती टाकली आणि पाळकसाहेब आशेवर बोलू लागले. "पुनरुत्थानाच्या दिवशी लेक भेटेल, मावशी."

"तिचं पोर आत्ता भुकेनं रडतंय, साहेब. त्याचं बोला."

साहेबांनी बायबल मिटलं आणि मंडळीला विचारलं, "अंगावर पाजणारी कुणी आहे का?"

"आणा इकडं," शेजारची मार्था म्हणाली. "माझा तान्हा भामटा घरी झोपलाय." ती चिंचेखाली पदर ओढून बसली. रडणं थांबलं. मग साहेबांनी राहिलेला उपदेश केला, आणि तो मला ऐकू आला.

आशेवरचे उपदेश मी पुष्कळ ऐकलेत. कडेवर उपाशी पोर असलं की त्यातला एक शब्द कानात शिरत नाही. देवालाही हे ठाऊक असणार.

लेक गेली. नातू आणि मी जगलो.